‘कोरम नाही, अर्ध्या तासाने सभा’: सोसायटीच्या नोटिशीतली सगळ्यात महागडी ओळ

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ते हे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.)

आज एक छोटं काम सांगते. लिफ्टची वाट बघत उभे असाल तर मोबाईलमधून मान वर करा आणि शेजारचा नोटीस बोर्ड बघा. पाण्याची टाकी धुणार म्हणून अमुक दिवशी पाणी बंद. गणपतीची वर्गणी. मुलांची चित्रकला स्पर्धा. कुणाच्या तरी दारातली चप्पल हरवलीय. आणि या सगळ्याच्या मागे, अर्धा झाकलेला, एक टाइप केलेला कागद. सही, शिक्का, वर ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’.

तो कागद आपण कुणीच वाचत नाही. मी पण वाचत नव्हते. मागच्या वर्षी त्या न वाचण्याची किंमत आमच्या घराला पस्तीस हजार रुपये पडली. तेव्हा आजचा भाग त्या कागदावर.

झालं काय होतं

आमची सोसायटी ४० फ्लॅट्सची. रविवारी सकाळी दहाला सभा होती, खाली पार्किंगमध्ये. बाबा नोकरीसाठी नाशिकला असतात. आई म्हणाली, ‘काय, नेहमीचंच असणार, चहा-बिस्किटं आणि भांडणं.’ मी तर उठलेच नव्हते. उठले तेव्हा सीरिजचे उरलेले दोन एपिसोड संपवले. खालून मोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता, म्हणून खिडकी लावून घेतली.

ऑक्टोबरच्या बिलात एक नवीन ओळ आली. ‘गच्ची वॉटरप्रूफिंग, विशेष वर्गणी, पहिला हप्ता, १७,५०० रुपये.’ दुसरा हप्ता जानेवारीत. म्हणजे एकूण ३५,०००. चाळीस घरांचे मिळून चौदा लाख.

मी भडकले. रात्री अकराला सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. ‘कुणाला विचारून ठरवलं?’ वगैरे. चौदा जणांनी अंगठा दाखवला. मला वाटलं, झालं, आता क्रांती होणार.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांचा फोन. ‘बाळा, खाली ये जरा. चहा घेऊन जा.’

गेले. काकांनी इतिवृत्ताचं रजिस्टर उघडून समोर ठेवलं. इतिवृत्त म्हणजे मिनिट्स, सभेत काय ठरलं त्याची नोंद. त्यात लिहिलं होतं: उपस्थिती ११, गणपूर्ती नसल्याने सभा तहकूब, साडेदहाला पुन्हा सुरू, विषय क्रमांक ५ गच्चीची दुरुस्ती, ठराव एकमताने मंजूर.

काका म्हणाले, ‘तुला अंगठा दाखवणारे चौदा जण आहेत ना, त्यातले किती आले होते सांगू?’

दोन.

मी गप्प. चहा गार झाला.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. काकांनी काही चोरी केली नव्हती. गच्ची खरंच गळत होती. वरच्या मजल्यावरचे लोक दोन पावसाळे बेडरूममध्ये बादल्या ठेवून झोपले होते. काका बँकेतून रिटायर झालेत, सोसायटीचं काम फुकट करतात आणि वर शिव्या खातात. चूक अशी होती की चौदा लाखांच्या कामाला कुणी प्रश्नच विचारले नाहीत. कोटेशन किती घेतली? हप्ते दोनच का, दहा का नाहीत? गॅरंटी किती वर्षांची? विचारायला हवी होती ती माणसं वरती खिडक्या लावून बसली होती. त्यात मी एक.

सोसायटी म्हणजे कमिटी नव्हे

आपण म्हणतो, ‘सोसायटीने पाणी बंद केलं’, ‘सोसायटीने पैसे वाढवले’. जणू सोसायटी म्हणजे कुणीतरी तिसरंच. पण सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे सगळे सदस्य मिळून. ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली ती १९१५ साली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. शहरात एकेकट्याला परवडत नाही, तर चारचौघांनी एकत्र येऊन घर करायचं आणि कारभारही एकत्र बघायचा, हा त्यातला विचार.

आज महाराष्ट्रात हा सगळा कारभार ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ या कायद्याखाली चालतो. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी खास वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्याच्या जोडीला असतात उपविधी, म्हणजे आपण ज्याला बायलॉज म्हणतो ते. सरकारने नमुना म्हणून ‘आदर्श उपविधी’ दिलेत आणि बहुतेक सोसायट्यांनी तेच थोड्याफार फरकाने घेतलेत. मी पुढे जे आकडे सांगणार आहे त्यातले बरेच या आदर्श उपविधींमधले आहेत. तुमच्या सोसायटीचं पुस्तक एकदा मागून बघा, म्हणजे तुमच्याकडे काय आहे ते नक्की कळेल.

या सगळ्यात सर्वोच्च कोण? चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही. सर्वसाधारण सभा. कमिटीला खर्चाची एक मर्यादा असते, त्यापुढचं काम सभेला विचारूनच करायचं. आणि सभेत एका सदस्याला एकच मत. वन बीएचकेवाला असो की टेरेस फ्लॅटवाला, मत एकच.

नोटीस कशी वाचायची

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावीच लागते. वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे मुदत ३० सप्टेंबर. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नेमक्या गणपतीच्या धावपळीत, ही नोटीस येते आणि आरतीच्या वेळापत्रकाखाली झाकली जाते.

सभेच्या आधी १४ पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. ‘पूर्ण’ म्हणजे नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. नोटिशीत तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका हवी. आता विषयपत्रिकेत तीन गोष्टी शोधा.

पहिली, पैशांचे विषय. ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि ‘अमुक काम करण्याबाबत विचार करणे’. हे ‘विचार करणे’ फार साधं वाटतं. आमचे चौदा लाख याच दोन शब्दांत होते.

दुसरी, शेवटचा विषय. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ हा दरवाजा छोट्या गोष्टींसाठी आहे. सायकली कुठे लावायच्या, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, असलं काही. ज्या विषयासाठी आधी रीतसर सूचना द्यायला हवी, तो या दरवाज्यातून आत आणता येत नाही. तुमच्याकडे कुणी आयत्या वेळी लाखोंचं काम मंजूर करून घेत असेल, तर उभं राहून विचारा, ‘हे विषयपत्रिकेत होतं का?’ आणि तुमचा आक्षेप इतिवृत्तात लिहायला सांगा.

तिसरी, अगदी तळाशी, बारीक अक्षरातली टीप. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्यास गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ ही ती महागडी ओळ.

कोरमचं गणित

गणपूर्ती म्हणजे कोरम. सभा सुरू व्हायला कमीत कमी किती जण हवेत तो आकडा. आदर्श उपविधी म्हणतात: एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते.

करून बघू. २४ सदस्यांची सोसायटी. दोन तृतीयांश म्हणजे १६. वीसपेक्षा कमी, म्हणून कोरम १६. आमची ४० ची. दोन तृतीयांश होतात २७, पण २० त्याहून कमी, म्हणून कोरम २०. आता ३०० फ्लॅट्सचं मोठं कॉम्प्लेक्स घ्या. दोन तृतीयांश २००. पण कोरम? तरीही वीसच!

म्हणजे तीनशे घरांच्या पैशांचा निर्णय वीस जण घेऊ शकतात, तोही अगदी नियमात राहून.

आणि तेही आले नाहीत तर? अर्धा तास थांबायचं. मग सभा त्याच दिवशी नोटिशीत दिलेल्या वेळी, किंवा ७ ते ३० दिवसांमधल्या दुसऱ्या तारखेला घ्यायची. या तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेतले विषय चालतात, कोरम असो नसो. म्हणून आमच्या अकरा जणांचा ठराव चाळीस जणांना लागू झाला. ‘मी तर आलोच नव्हतो’ हे कारण चालत नाही. वर्गणी थकवली तर थकबाकी वसुलीची कारवाई होऊ शकते, आणि त्यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे.

हा नियम वाईट आहे का? मला आधी वाटलं, हो. मग काका म्हणाले, ‘अगं, हा नियम नसता तर गेल्या दहा वर्षांत आपली एकही सभा झाली नसती. लिफ्टचं कंत्राटसुद्धा देता आलं नसतं.’ बरोबर आहे. लोक येत नाहीत म्हणून नियम असा केलाय. फक्त एक लक्षात ठेवा, पुनर्विकासाला ही अर्ध्या तासाची सवलत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासक निवडण्याच्या सभेला दोन तृतीयांश सदस्य हजर हवेत आणि एकूण सदस्यांपैकी ५१ टक्के लोकांची संमती हवी. बिल्डिंग पाडायची तर अकरा जण पुरत नाहीत. पण गच्ची, रंगकाम, पाइपलाइन, सिक्युरिटी या सगळ्याला पुरतात.

बिलातल्या ओळी

सभेत बोलायचं तर आधी बिल कळायला हवं. आपण यूपीआयने पैसे पाठवतो आणि विसरतो. एकदा ओळ न् ओळ वाचा.

सेवा शुल्क: वॉचमन, सफाई, सोसायटीच्या ऑफिसचा खर्च वगैरे. हे सगळ्या फ्लॅट्सना समान वाटलं जातं, चौरस फुटांवर नाही. मोठ्या घराने जास्त द्यावं हा वाद दर सभेत होतो, पण आदर्श उपविधी समान म्हणतात. लिफ्टचा खर्चही ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांना समान. हो, तळमजल्यालासुद्धा! पाण्याचं बिल मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर.

दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड: हे दोन्ही तुमच्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर मोजतात. बांधकामाचा खर्च, आजचा बाजारभाव नव्हे, आणि जमिनीची किंमतही त्यात नाही. दुरुस्ती निधी वर्षाला कमीत कमी ०.७५ टक्के, सिंकिंग फंड कमीत कमी ०.२५ टक्के. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर वर्षाला ९,००० आणि ३,०००. महिन्याला ७५० आणि २५०.

आता यातली गंमत बघा. आमच्याकडे मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून दुरुस्ती निधी वर्षानुवर्षं नावापुरता, महिना शंभर रुपये घेतला जात होता. सभेत कुणी वाढवायचा म्हटलं की आरडाओरडा व्हायचा. मग गच्ची गळाली तेव्हा तिजोरीत काही नाही, आणि एकदम पस्तीस हजार. दरमहा हळूहळू भरले असते तर आईच्या पोटात गोळा आला नसता.

बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस: घर भाड्याने दिलं असेल तर मालकाला लागतं. यावर मर्यादा आहे, सेवा शुल्काच्या १० टक्के. सेवा शुल्क २,००० असेल तर जास्तीत जास्त २००. भाडेकरू बॅचलर आहेत म्हणून दुप्पट, असलं काही नियमात नाही.

‘घर माझ्या नावावर नाही, मी काय करू?’

हा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांचा असणार. माझाही होता. आमच्या शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव बाबांचं, दुसरं आईचं. पहिला सदस्य हजर नसेल तर सर्टिफिकेटवरचं पुढचं नाव मत देऊ शकतं. म्हणजे बाबा नाशिकला असले तरी आमचं मत आईकडे होतं. आम्ही ते वापरलंच नाही.

आणि मी? माझं नाव सर्टिफिकेटवर नाही. तरी एक रस्ता आहे, सहयोगी सदस्य. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे सदस्याचे नवरा-बायको, आईवडील, भाऊबहीण, मुलगा-मुलगी, सून, जावई, पुतणे-भाचे यांपैकी कुणाला सदस्याच्या लेखी शिफारशीने सहयोगी सदस्य करता येतं. मग त्या सदस्याच्या आगाऊ लेखी संमतीने ती व्यक्ती सभेत मत देऊ शकते. आईबाबा गावी असतील, आजारी असतील, किंवा त्यांना या भानगडीत पडायचं नसेल, तर हा अर्ज करा. साधी चिठ्ठी किंवा मुखत्यारपत्र घेऊन मात्र जाऊ नका. सभेत प्रॉक्सी चालत नाही.

भाड्याने राहत असाल तर मत नाही. पण घरमालकाला नोटिशीचा फोटो पाठवता येतो. परगावी राहणाऱ्या कितीतरी मालकांना सभा आहे हेच माहीत नसतं.

चौदा दिवसांत काय करायचं

या वर्षी नोटीस लागली त्याच संध्याकाळी मी फोटो काढला. मग हे केलं.

हिशोब आधी वाचला. लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवं, त्यामुळे सभेआधी अहवाल असतोच. कायद्याने सदस्याला संस्थेची कागदपत्रं बघायचा, शुल्क भरून प्रती घ्यायचा अधिकार आहे. मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या आकड्यांची शेजारीशेजारी यादी केली. जो आकडा एकदम उडी मारतो, त्यावर खूण.

मग आईच्या सहीने कमिटीला अर्ज दिला. ग्रुपवरचा मेसेज वर सरकून जातो. अर्जावर पोच मिळते, त्याला उत्तर द्यावं लागतं. अर्जात दोनच मागण्या होत्या: रंगकामाची किमान तीन कोटेशन सभेआधी सगळ्यांना पाठवा, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय घ्या. आमची बिल्डिंग २२ वर्षांची. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिसानंतर दर तीन वर्षांनी व्हायला हवं. आमचं एकदाही झालं नव्हतं.

आणि तिसरं, सगळ्यात कंटाळवाणं काम. मी आणि तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण दारोदार गेलो. गणपतीची वर्गणी मागायला जातो तसं. फक्त पावतीपुस्तकाऐवजी एक वाक्य: ‘काका, काकू, रविवारी दहाला या, वीस जण हवेत.’

मग झालं काय?

सव्वीस जण आले. काकांनी चष्मा पुसून दोनदा मोजले. मी त्यांना विचारून मागे बसले होते, मत आईचं होतं. तीन कोटेशनमधला फरक बघून लोकांनी असे प्रश्न विचारले की कंत्राटदाराचा माणूस घामाघूम झाला. ठरलं असं: रंगकाम एक वर्ष पुढे, आधी स्ट्रक्चरल ऑडिट. दुरुस्ती निधी वाढवायचा, म्हणजे पुढचा खर्च एकदम अंगावर येणार नाही. भांडणं? झाली ना! पार्किंगवरून पाऊण तास.

आमचे पस्तीस हजार परत आले का? नाही. दुसरा हप्ताही भरला. ठराव नियमाने झाला होता. पण गच्ची या पावसाळ्यात गळली नाही, हे पण सांगायला हवं.

सभा संपल्यावर काका म्हणाले, ‘पुढच्या वर्षी सहयोगी सदस्याचा फॉर्म भर. आणि कमिटीत यायचं बघ. मला आता जिने चढवत नाहीत.’ मी हसले. फॉर्म मात्र भरलाय.

तर मंडळी, हा भाग संपला की खाली जा, बोर्डावरचा तो कागद शोधा आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. सोबत एवढंच लिहा: ‘कोण जाणार?’ कुणाचंच उत्तर आलं नाही, तर तुम्ही जा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बिल वाचा!